मेजरांचं अर्धं गाणं

शांतारामचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या स्टँडबाहेर जीप भरायची वाट बघत बसले होते. ड्रायव्हरला अजून दोन माणसं हवी होती आणि तो टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून "मंचर, मंचर" पुकारत होता. शांताराम म्हणजे मेजरांचा शेजारी, त्यांच्या बांधाला बांध असलेला. एरवी तो फोनवर पलीकडच्या शेतात हाक मारावी तसा ओरडतो. त्या दिवशी हळू बोलला. "बाई, कुठं हाये तुमी?" मी सांगितलं. "मंग या," तो म्हणाला, "घाई नका करू. पर या." त्या 'घाई नका करू'नंच मला सगळं सांगितलं. जीप भरली, मंचरला गाडी बदलली, निरगुडसरला उतरले, आणि एवढ्या वाटेत काय झालं म्हणून मी कुणालाही उलटा फोन केला नाही. विचारत नाही तोवर मेजर असतील, असं काहीतरी मनात होतं... माणूस उतारवयातही किती पोरकटपणे विचार करतो!

सकाळी धार काढून, चहा घेऊन ते ओट्यावर टेकले होते. शांतारामची बायको दूध न्यायला आली, तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही. एवढंच. दुपारपर्यंत त्यांचा मुलगा प्रशांत चाकणहून आला. आजूबाजूच्या गावांतले माजी सैनिक आले, त्यांनी तिरंगा आणला. नदीकाठी मानवंदनेच्या वेळी बिगूल वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून एकानं मोबाइलवर बिगूल लावला. त्या मोबाइलचा स्पीकर फाटका होता. हा सूर कानावर पडला तर मेजर आत्ता उठून बसतील, असं माझ्या मनात आलं आणि बायकांच्या घोळक्यात उभी असताना मला हसू फुटलं. मग रडू आलं ते थांबेना.

खरं तर ते मेजर नव्हते. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं. दत्तात्रय, घरचे दत्तू, फौजेच्या बँडमध्ये होते आणि नाईक म्हणून निवृत्त झाले. भरतीला गेले तेव्हा छाती भरदार निघाली म्हणून त्यांना मोठं फुंकवाद्य दिलं. तिथल्या संगीतशाळेत प्रत्येकाला एक फुंकायचं आणि एक तारेचं वाद्य शिकावं लागे. तारेच्या वाद्यांची वाटणी झाली तेव्हा रांगेत हे सगळ्यांत उंच. "उंच व्हतो म्हून ह्ये गळ्यात पडलं," ते म्हणायचे. 'ह्ये' म्हणजे चेलो. व्हायोलिनच्या घराण्यातला, पण माणसाएवढा, खुर्चीवर बसून गुडघ्यांत उभा धरून वाजवायचा, खर्जातल्या आवाजाचा. निवृत्तीच्या वेळी त्यांनी कलकत्त्याच्या एका दुकानातून जुना चेलो घेतला आणि रेल्वेत त्याला आपल्या बर्थवर झोपवून स्वतः खाली पथारी टाकून आले. गावात त्याला 'मेजरचं उभं व्हायलिन' म्हणतात. पहिल्यांदा त्याची पेटी घरात आली तेव्हा आत काय आहे हे कळेपर्यंत मेजरांची बायको, आमच्या वहिनी, घाबरून शेजारी जाऊन बसल्या होत्या.

मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवायला आले ती मूळची साताऱ्याची. एकटीच होते, एकटीच राहिले. एका सव्वीस जानेवारीला मेजर पाहुणे म्हणून शाळेत आले होते. झेंडावंदनानंतर मुलांनी हार्मोनियमच्या साथीनं गाणं म्हटलं, मीही त्यांच्यात गात होते. कार्यक्रम संपल्यावर ते सरळ माझ्याकडे आले. "पोरं पेटीच्या खाली उतरत व्हती," ते म्हणाले, "आन तुमी एकट्याच त्यांला वर वढत व्हता. तुमी काय वाजवता?" मी म्हटलं, लहानपणी मावशीकडे व्हायोलिन शिकले होते, आता ते पलंगाखाली आहे. "मंग काढा भाईर," ते म्हणाले. विनंती नव्हती ती. फौजेतला माणूस दुसऱ्याच्या पलंगाखालच्या वस्तूलाही हुकूम देऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी मांडी घालून, व्हायोलिन पायाच्या टाचेवर टेकवून वाजवायला शिकलेली. मेजरांनी मला खुर्चीवर बसवलं, हनुवटीखाली वाद्य धरायला लावलं आणि कागदावरचं युरोपियन नोटेशन वाचायला शिकवलं. गणिताच्या बाईला ते फार अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते दुसऱ्याबरोबर वाजवणं. आपल्याकडे एक गातो, बाकीचे साथ करतात. यांच्या संगीतात तिघं किंवा चौघं बसतात, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं असतं आणि कुणीच कुणाचा साथीदार नसतो. एका खोलीत, मोजक्या माणसांसमोर वाजवायचं हे संगीत. गावात एकटी बाई एका घरी नेमानं जाऊ लागली की लोक बोलणारच, तसे बोलले. वहिनींनी एकदा दूध डेअरीवर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "बाई माझ्याकडं येत्यात. आमचं बोलून झालं की मंग वाजवत्यात, वाजवू द्या." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आणि ते खरंही होतं. वहिनींशी गप्पा झाल्याशिवाय मला त्या घरात व्हायोलिन काढायची परवानगी नव्हती.

तिसरे आमचे डॉक्टर. डिंगोऱ्याचे, गुरांचे डॉक्टर, मिलिंद त्यांचं नाव. पुण्यात शिकत असताना वसतिगृहाशेजारी एक गोव्याचे म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांच्याकडे ते व्हायोलिन शिकले. मेजरांची म्हैस अडली होती म्हणून डॉक्टर आले, रेडकू बाहेर काढलं, हात धुवायला घरात आले आणि कोपऱ्यातला चेलो बघून तसेच ओल्या हातांनी उभे राहिले. वहिनी सांगायच्या, "म्हशीपेक्षा त्याच्याकडंच जास्त बघितलं डॉक्टरनं." झालं, आम्ही तिघं झालो. दोन व्हायोलिन आणि एक चेलो.

मैफली सुरू करायची कल्पना मेजरांची. वर्षातून तीन-चारदा, कधी त्यांच्या रिकाम्या कांदाचाळीत, कधी डॉक्टरांच्या नारायणगावच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये, एकदोनदा डिंगोऱ्याच्या विहारात. आणि नेहमी दुपारी. उसातून बिबट्या फिरतो, त्यामुळे दिवेलागणीच्या आत माणूस घरी पोचायला हवा. नियम एकच होता. दोन रचना वाजवायच्या. एक अशाची, ज्याचं नाव जगाला माहीत आहे. दुसरी अशाची, ज्याला आता कुणी विचारत नाही. डॉक्टर इंटरनेटवरून असे विसरलेले लोक शोधून काढायचे. त्यांची पानं नारायणगावच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायचे. इटलीतल्या कुठल्याशा मठात जन्म काढलेली एक जोगीण, एका राजाच्या पदरी आयुष्यभर जेवणाच्या वेळी वाजवायचं संगीत लिहिणारा एक माणूस, धाकट्या भावाचं नाव झालं म्हणून झाकून गेलेला थोरला भाऊ... वाजवण्याआधी मेजर उभे राहून त्या माणसाबद्दल दोन वाक्यं सांगायचे आणि त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचे. विदेशी नावांची त्यांच्या तोंडी काय अवस्था व्हायची ती व्हायची, पण घ्यायचे. "हजेरीत नाव पुकारलं पायजे," म्हणायचे. "न्हाईतर माणूस आला का गेला, कसं कळायचं?"

लोक यायचे. पंधरावीस. पहिल्यांदा गंमत म्हणून आले, मग सवयीनं. "ह्ये लग्नात वाजवत्यात का?" असं एकीनं विचारलं तेव्हा मेजर म्हणाले, "तुमच्या पोरीच्या लग्नात वाजवू," आणि खरंच वाजवलं, डीजे यायच्या आधी. एकदा चाळीत मैफल संपत आली आणि शांताराम धावत आला. शेजारच्या उसात बिबट्या शिरला होता, वनखात्याची गाडी येईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नव्हतं. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, सगळे चाळीत अडकले. मेजरांनी चेलोचा गज पुन्हा हातात घेतला. "आज लोक कुटं जानार!" म्हणाले. त्या जोगिणीची रचना आम्ही तीनदा वाजवली. तिसऱ्यांदा तर दोघीतिघी गुणगुणायलाही लागल्या. घरी जाताना डॉक्टर म्हणाले, "त्या बाईला एवढे श्रोते तिच्या मठात तरी मिळाले असतील का?"

डॉक्टरांचे वडील भीमगीतं रचायचे. त्यांची दोनतीन गाणी आमच्या पट्ट्यात जयंतीला आजही गातात, पण कुणाची म्हणून विचारलं तर लोक म्हणतात, जुनी आहेत. विहारातल्या मैफलीत विसरलेल्या माणसाची पाळी आली तेव्हा मेजर उभे राहिले आणि त्यांनी डॉक्टरांच्या वडिलांचं नाव घेतलं. डॉक्टरांना आधी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या आई पुढेच बसल्या होत्या, त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिघांनी मिळून त्यांच्या एका गाण्याची चाल वाजवली, आणि दुसऱ्या कडव्याला सगळा विहार गाऊ लागला. डॉक्टरांना शेवटपर्यंत वाजवता आलं नाही. व्हायोलिन खाली घेऊन ते नुसते ऐकत बसले.

हे सगळं मेजर का करायचे, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. त्यांच्या घरी गेलं की एक गोष्ट मी पहिल्यापासून बघत होते. आमचा सराव सुरू व्हायच्या आधी ते एकटे काहीतरी वाजवत असायचे. थोडं वाजवायचे, थांबायचे. गज तारेपासून उचललेला, मान किंचित हलतेय, ओठ हलताहेत. मग पुन्हा वाजवायचे. पुन्हा थांबायचे. मला वाटलं, विसरतात. वहिनी म्हणाल्या, "त्ये ह्येंचं अर्धं गाणं हाय. त्ये वाद्य घरात आलं तवापासून ऐकतीया. पुरं कधी व्हतच न्हाई."

ती एका हवालदाराची रचना होती. किशनसिंग त्यांचं नाव, बँडमधले सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. बर्फातल्या एका ठाण्यावर हिवाळ्यात बाकीचा बँड रजेवर गेला आणि तिघंच मागे राहिले. उस्ताद, पिथौरागडकडचे हरकसिंग आणि आमचे दत्तू. बाहेर पडता येत नव्हतं. त्या बराकीत उस्तादांनी तिघांपुरती एक रचना केली. पहिलं व्हायोलिन स्वतःला, दुसरं हरकसिंगांना, चेलो दत्तूला. हिवाळाभर त्यांनी ती एकमेकांसाठी वाजवली आणि बर्फ वितळल्यावर एकदा साहेबांच्या मेसमध्ये, लोक जेवत असताना. त्याच उन्हाळ्यात उस्तादांची गाडी दरीत गेली. युनिट हललं तेव्हा कागदांची पेटी मागे राहिली ती पुन्हा आली नाही. हरकसिंगांची बदली दुसरीकडे झाली. राहिला तो मेजरांच्या बोटांतला चेलोचा भाग. जिथे चेलोला थांबायचं होतं तिथे ते थांबायचे, आणि त्यांच्या कानात ती दोन व्हायोलिनं वाजत असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

डॉक्टर म्हणाले, "मेजर, तुम्ही गुणगुणून दाखवा, बाई लिहून घेतील." सोपंच वाटलं होतं आम्हाला. त्यांनी प्रयत्न केला. दोन सूर आले, तिसऱ्याला अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांनी चेलो भिंतीला टेकवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी मोजत व्हतो, बाई," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"आपल्याला थांबायचं असलं की मोजायचं असतं ना? एक दोन तीन चार. चुकलं तर उस्ताद गजानं टाळक्यात हाणायचे. त्ये वाजवत व्हते, लई भारी वाजवत व्हते... आन मी शेजारी बसून मोजत व्हतो. वाजवत व्हतो तवा माझं मला ऐकू येत व्हतं. थांबलो की मोजत व्हतो. ऐकायचं ऱ्हायलंच. वाटलं, उद्या हायेच की."

मी पेन्सिल ठेवून दिली. आत वहिनी भाकरी थापत होत्या, तो आवाज तेवढा येत राहिला.

मग हरकसिंगांचा शोध सुरू झाला. डॉक्टरांनी माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर माझा नंबर देऊन निरोप टाकले, ते या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरत राहिले. शोध चालू असतानाच वहिनी गेल्या, थोड्या दिवसांच्या आजारानं. त्या गेल्यावर मेजर कितीतरी दिवस चेलोजवळ फिरकले नाहीत. म्हशींचं करायचे, शेतावर जायचे, ओट्यावर बसायचे. मी जायचे, चहा करून द्यायचे आणि उजेड असेतो घरी परतायचे. अशातच एका रविवारी दुपारी मी तिथेच असताना माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. "दत्तू है?" पलीकडून एक घोगरा आवाज विचारत होता. "निरगुडसर का दत्तू? बोलो, हरक बोल रहा है." मी फोन मेजरांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, "हरक..." म्हणाले. फोन चालू आहे का बंद पडला, म्हणून मी डोकावून पाहिलं.

हरकसिंगांना त्यांचा भाग बराचसा येत होता. बोटं वळत नव्हती, व्हायोलिन कधीच कुणाला तरी देऊन टाकलेलं, पण गळ्यात चाल होती. पुढे दर रविवारी चारच्या सुमारास ते माझ्या फोनवर फोन करायचे. ते गायचे, मी लिहायचे, मग वाजवून दाखवायचे. "ना ना, ऊपर नहीं जाना," असं ओरडायचे. एखाददिवशी एकच ओळ व्हायची. पहिल्या व्हायोलिनचं त्यांनाही आठवत नव्हतं. "वो तो उस्ताद का था," म्हणायचे, "उसको कौन पकड़ता!" पण दुसरं पुरं झालं. पहिल्यांदा आम्ही दोघांनी, चेलो आणि दुसरं व्हायोलिन, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं तेव्हा मेजरांचा चेहरा पाहण्यासारखा असणार. मी वाजवत होते, त्यामुळे मला तो नीट पाहता आला नाही.

त्या हिवाळ्यातल्या मैफलीत विसरलेल्या माणसाच्या जागी हवालदार किशनसिंग आले. चाळ भरली होती. डॉक्टर आपल्या खुर्चीवर व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवून बसले. मेजर उभे राहिले. "ह्ये गाणं हवालदार किशनसिंग यांचं. पयलं व्हायलिन त्ये सोता वाजवायचे. आज त्ये हजर न्हाईत. त्यांची जागा आमी मोकळी ठिवलीय. तुमी त्यांला ऐकायचा प्रयत्न करा. आमी बी करतो."

मध्यावर एक जागा अशी आहे की चेलोही थांबतो आणि दुसरं व्हायोलिनही थांबतं. तिथे उस्ताद एकटे वाजवायचे, चांगलं लांबपर्यंत. आम्ही दोघांनी गज उचलले. मी मोजू लागले. चाळीत कांद्याच्या सालींचा वास होता, कुठेतरी दूर ट्रॅक्टर चालला होता, पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. कुणी खोकलं नाही. कडेवरचं मूलही रडलं नाही. मी मेजरांकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. पुढे कधी सुरू करायचं ते मलाच त्यांना खुणावून सांगावं लागलं.

संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारलं, "आरं मेजर, तुमी समदे गप्प बसला व्हता तवा काय वाजत व्हतं?"

"त्येच तर कळंना, आजी," मेजर म्हणाले. "मला वाटलं व्हतं, आज ऐकू येईल."

लोक पांगले. डॉक्टर आणि मी खुर्च्या उचलत होतो. मेजर चेलो पुसत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तेवढीच एक मैफल त्या रचनेची झाली. उन्हाळ्यात डॉक्टरांची बढती झाली आणि नांदेडकडे बदली झाली. जाताना त्यांनी आमचा फोटो काढला, त्यात ते स्वतः नाहीत. दोघांसाठी फारसं काही लिहिलेलं नसतं. आम्ही तिघांच्या रचना दोघांत वाजवत राहिलो, आणि पहिल्या व्हायोलिनच्या जागा रिकाम्या सोडायची आम्हाला सवयच लागली. मैफल पुन्हा करू म्हणून ते म्हणायचे, मीही हो म्हणायचे. शेवटच्या रविवारी वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमी मोजता तवा ओठ हालत्यात तुमचे. कशाला मोजता?" मी म्हटलं, "न मोजता कसं कळेल, परत कधी यायचं?" ते हसले.

दहाव्याला प्रशांतनं मला चेलो घरी नेण्याचा आग्रह केला. भला मुलगा आहे. "आमच्या फ्लॅटमदी ठेवायला जागा न्हाय, आन दुसऱ्या कुनाला द्यायचं मन व्हत न्हाय," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे अजून इथेच. म्हशी शांतारामनं नेल्या. घराची किल्ली त्याच्याकडे असते. रविवारी दुपारी मी ती मागून घेते. खिडक्या उघडते, झाडू मारते, थोडं वाजवते. ऐकायला कुणी नाही, चुकलं तर सांगायला कुणी नाही. इतक्या वर्षांत एकटं राहण्याची मला सवय झाली आहे असं मी समजत होते. पण माणसाला आपल्या घरातल्या एकटेपणाची सवय असते, दुसऱ्याच्या घरातल्या एकटेपणाची नसते.

गेल्या रविवारी तिथेच फोन वाजला. हरकसिंग. मेजर गेल्यापासून त्यांचा फोन आला नव्हता. त्यांच्या सुनेला मी त्याच आठवड्यात सगळं कळवलं होतं. तिनं त्यांना दोनदा सांगितलं होतं, ते मान हलवतात आणि विसरतात, कानही आता गेलेत, असं म्हणाली होती. "दत्तू को दो," ते म्हणाले. मी म्हटलं, दत्तू नहीं रहे. "क्या?" मी ओरडून सांगितलं. रिकाम्या घरात तो माझाच आवाज मला नको वाटला. "कुछ सुनाई नहीं देता, बेटी," ते म्हणाले, "बजाओ, बजाओ." मी फोन स्पीकरवर टाकून खुर्चीवर ठेवला आणि त्यांचाच भाग, दुसरं व्हायोलिन, वाजवू लागले. चारदोन ओळी झाल्यावर पाहिलं तर ते हॅलो हॅलो करत होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. वयानं कान जातात तेव्हा वरचे बारीक सूर आधी जातात, खालचे मागे राहतात, असं डॉक्टरांनी त्या संध्याकाळी मला नांदेडहून फोनवर समजावलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. सुचेना म्हणून मी फोन चेलोच्या अंगाला टेकवला आणि सगळ्यांत जाड तार बोटानं छेडली. चेलो मला वाजवता येत नाही.

पलीकडचं हॅलो हॅलो थांबलं.

"उतरी हुई है," हरकसिंग म्हणाले. स्वर अगदी स्वच्छ, चुकलेल्या पोराला सांगावं तसा. "दत्तू, तार उतरी हुई है. कस."

खरंच उतरली होती. इतके आठवडे कुणी हात लावला नव्हता. मी एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं खुंटी हळूहळू पिळू लागले, तार छेडू लागले. लाकूड करकरलं. "और," ते म्हणाले. मी आणखी पिळली. "और थोड़ा." बाहेर ऊन कललं होतं, शांताराम किल्लीसाठी ओट्यापाशी येऊन उभा राहिला होता, त्याला मी हातानंच थांब म्हटलं. तार वर चढत होती. खोलीच्या जमिनीतून तो सूर माझ्या पायांना लागत होता.

"बस," हरकसिंग म्हणाले. "अब ठीक है. अब बजा."

मी खुंटीवरचा हात काढला नाही, मोजलंही नाही. ते ऐकत राहिले, मीही फोन तसाच धरून उभी राहिले. त्यांनी ठेवला तेव्हाच मी ठेवला.